पावतीवरचा छोटा आकडा, विद्यार्थ्यांचा मोठा आधार

विद्यापीठात प्रवेश घेताना पालकांचे आणि विद्यार्थ्यांचे सारे लक्ष शिकवणी शुल्काच्या मोठ्या आकड्यावर खिळलेले असते. त्याखाली दाटीवाटीने छापलेल्या लहानसहान रकमांकडे सहसा कोणी पाहत नाही. पैसे भरले जातात आणि पावती कागदपत्रांच्या पिशवीत जाते. परंतु समुपदेशकाची खोली उघडी राहणार की नाही, मैदानावरचे दिवे लागणार की नाही, परीक्षेच्या निकालाविरुद्ध दाद मागताना विद्यार्थ्याच्या बाजूने बोलणारे कोणी असणार की नाही, हे पुष्कळदा या लहान रकमांवर ठरते. या रकमेवरून ऑस्ट्रेलियात सरकारे आणि विरोधी पक्ष वर्षानुवर्षे भांडले. ती एकदा कायद्याने बंद झाली, सहा वर्षांनी पुन्हा सुरू झाली, आणि २०२५ पासून तिच्या वाटपाचा नियमही बदलला. शुल्कातून विद्यार्थी सेवा कशा चालतात आणि शुल्क थांबले की काय होते, हे समजून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

शुल्क किती आणि कोणाला?

ऑस्ट्रेलियातील या आकारणीचे अधिकृत नाव ‘विद्यार्थी सेवा व सुविधा शुल्क’ असे आहे. शिकवणी शुल्काशी त्याचा संबंध नाही. ते आकारायचे की नाही आणि किती आकारायचे, हे प्रत्येक विद्यापीठ ठरवते. मात्र कमाल मर्यादा केंद्रीय कायद्याने बांधून दिलेली आहे. ही मर्यादा दरवर्षी महागाईनुसार वाढते. २०१२ मध्ये ती २६३ डॉलर होती, २०२५ मध्ये ३६५ डॉलर झाली. अर्धवेळ शिकणाऱ्याकडून या कमाल रकमेच्या पाऊण पटीपेक्षा अधिक घेता येत नाही. विद्यापीठाला विद्यार्थ्यांचे गट पाडून निरनिराळे दर लावण्याचीही मुभा आहे. त्यामुळे मुख्य आवारात रोज येणारा विद्यार्थी आणि घरबसल्या ऑनलाइन शिकणारा विद्यार्थी यांचे शुल्क सारखेच असेल असे नाही.

हे पैसे लगेच भरता येत नसतील, तर ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना आणि इतर काही पात्र विद्यार्थ्यांना त्यासाठी सरकारी कर्ज मिळते. सरकार विद्यापीठाला रक्कम चुकती करते आणि ती विद्यार्थ्याच्या नावावर नोंदवते. पुढे त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले, की प्राप्तिकराबरोबर तिची वसुली होते. परदेशातून गेलेल्या विद्यार्थ्याला ही सवलत नाही. त्याच्याकडून काही विद्यापीठे हे शुल्क वेगळे घेतात, तर काही ठिकाणी त्याचा भार मूळ शुल्कातच सामावलेला असतो.

खर्चाच्या एकोणीस वाटा

या पैशाचे काय करायचे हे विद्यापीठाच्या मर्जीवर सोडलेले नाही. ज्या सेवांवर तो खर्च करता येतो, त्यांची एकोणीस कलमांची यादी कायद्यातच दिलेली आहे. आवारातील खाण्यापिण्याची सोय, खेळ व करमणूक, विद्यार्थी मंडळांचे कामकाज, मुले असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पाळणाघर, कायदेविषयक मदत, आरोग्य व कल्याण, राहण्याची जागा मिळवून देणे, नोकरी व व्यवसाय मार्गदर्शन, पैशाच्या अडचणींत सल्ला, अपघात विमा, वादविवाद, कला, विद्यार्थ्यांनी चालवलेली नियतकालिके, अभ्यासकौशल्ये, नव्या विद्यार्थ्यांना आवाराची ओळख करून देणे अशा गोष्टी तीत येतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या कल्याणाचे, निवासाचे आणि रोजगाराचे प्रश्न सोडवणे हे एक स्वतंत्र कलम आहे.

यादीत काय नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. प्राध्यापकांचे पगार, वर्गखोल्या, प्रयोगशाळा यांचा तीत समावेश नाही. ग्रंथालयाचा उल्लेख आहे, पण अध्यापनासाठी लागणारे ग्रंथालय वगळून. म्हणजे शिकवणे हे विद्यापीठाचे मूळ काम. त्याचा खर्च या शुल्कावर टाकता येत नाही. शिवाय कोणत्याही राजकीय पक्षाला किंवा संसदेपासून नगरपालिकेपर्यंतच्या निवडणुकीतील उमेदवाराला साहाय्य करण्यासाठी हा पैसा वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. विद्यार्थ्याला एखाद्या संघटनेचे सदस्य होण्याची सक्तीही करता येत नाही. शुल्क सक्तीचे आणि सदस्यत्व ऐच्छिक, ही तडजोड कशी जन्मली हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सक्तीच्या वर्गणीचा वाद

ऑस्ट्रेलियातील जुन्या विद्यापीठांत विद्यार्थी संघटनांची परंपरा मोठी आहे. सिडनी विद्यापीठाच्या युनियनची स्थापना १८७४ मधली. मेलबर्न विद्यापीठातील ‘फरागो’ हे विद्यार्थ्यांचे नियतकालिक १९२५ पासून, तर सिडनीतील ‘होनी स्वा’ १९२९ पासून निघते आहे. उपाहारगृहे, व्यायामशाळा, नाट्यगृहे आणि सल्लाकेंद्रे या संघटना चालवत आणि त्यांचा खर्च प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या सक्तीच्या वर्गणीतून भागे. वर्गणी भरणारा विद्यार्थी बहुतेक ठिकाणी आपोआप संघटनेचा सदस्य होई.

आक्षेप नेमका येथे होता. संघटनेत सामील होणे हे जसे स्वातंत्र्य आहे, तसेच सामील न होणे हेही स्वातंत्र्य आहे. मग ज्या संघटनेची मते पटत नाहीत तिला पैसे देण्याची सक्ती का, असा उजव्या विचारांच्या पक्षांचा सवाल होता. विद्यार्थी नेते वर्गणीचा पैसा राजकीय मोहिमांत उधळतात, हा आरोपही जुनाच. नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या दोन मुलांच्या आईने नौकानयन मंडळासाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न तर सामान्य नागरिकालाही पटण्यासारखा होता.

दुसऱ्या बाजूचे उत्तर नगरपालिकेच्या कराचे होते. बागेत न जाणाराही बागेचा कर भरतो, कारण प्रत्येकाने फक्त स्वतः वापरलेल्या सोयीचे पैसे द्यायचे ठरवले तर बाग उभीच राहत नाही. मानसिक आधार, कायद्याचा सल्ला, अपघात विमा या सेवा ज्याला लागतात त्याला त्या अचानक लागतात, आणि बहुधा त्याच्याजवळ पैसे नसतात तेव्हाच लागतात. सर्वांनी थोडे थोडे भरून ठेवले तरच अशा सेवा गरजेच्या क्षणी तयार असतात.

एका मताने पडलेला खंड

जॉन हॉवर्ड यांच्या सरकारला २००५ च्या जुलैपासून सिनेटमध्ये निसटते बहुमत मिळाले आणि बरीच वर्षे रेंगाळलेले विधेयक शिक्षणमंत्री ब्रेंडन नेल्सन यांनी पुढे रेटले. त्याला अनपेक्षित विरोध झाला तो सत्ताधारी आघाडीतूनच. क्वीन्सलँडचे नॅशनल पक्षाचे सिनेटर बार्नाबी जॉइस यांनी विधेयकाविरुद्ध मतदान केले. लहान शहरांतील विद्यापीठांची मैदाने आणि तरणतलाव ही आसपासच्या संपूर्ण वस्तीची सोय असते आणि वर्गणी थांबली तर ती बंद पडेल, अशी ग्रामीण भागाच्या प्रतिनिधींची भीती होती. फॅमिली फर्स्ट पक्षाचे एकमेव सिनेटर स्टीव्ह फील्डिंग यांनी सरकारला साथ दिली आणि डिसेंबर २००५ मध्ये विधेयक मंजूर झाले. १ जुलै २००६ पासून शिक्षणेतर सेवांसाठी सक्तीने पैसे घेण्यास विद्यापीठांना बंदी झाली.

पुढे काय झाले, याचा धडा मोठा आहे. सदस्यत्व ऐच्छिक होताच बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वर्गणी भरणे थांबवले. संघटनांनी कर्मचारी कमी केले, काही संघटना बंद पडल्या, काही कामे विद्यापीठांनी आपल्याकडे घेतली. मोठ्या शहरांतील श्रीमंत विद्यापीठांनी अन्य उत्पन्नातून वेळ निभावून नेली. लहान आणि ग्रामीण आवारांना ते जमण्यासारखे नव्हते. जिथे सेवा चालू राहिल्या तिथे खाद्यपदार्थ, व्यायामशाळा आणि पाळणाघर यांचे दर वाढले. विद्यार्थ्याची बाजू मांडणारे आणि सल्ला देणारे विभाग तर उत्पन्न मिळवणारे नव्हतेच. त्यांचे सर्वाधिक हाल झाले. २००७ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने पुढच्या वर्षी या परिणामांचा आढावा घेतला. विद्यापीठांच्या सेवांमधून वर्षाला सुमारे १७ कोटी डॉलर निघून गेले, असे त्या सरकारचे म्हणणे होते.

या बदलातून एक गंभीर गोष्ट उघड झाली. सेवा विद्यापीठाने ताब्यात घेतली तरी काही बिघडत नाही, असे वरवर वाटते. व्यायामशाळेपुरते ते खरेही आहे. परंतु एखाद्या विद्यार्थ्यावर कॉपीचा आरोप ठेवला गेला, किंवा सलग दोन सत्रांत नापास झाल्यामुळे ‘तुमचा प्रवेश रद्द का करू नये’ अशी नोटीस आली, तर त्याला सल्ला कोणी द्यायचा? आरोप करणारी आणि बचावाचा सल्ला देणारी संस्था एकच असेल, तर विद्यार्थी मोकळेपणाने बोलणार नाही. म्हणून अशा सेवेचा पैसा कोठून येतो याइतकेच ती कोणाच्या हुकमतीखाली चालते, यालाही महत्त्व आहे.

पुनरागमन

शुल्क परत आणण्याचा पहिला प्रयत्न २००९ मध्ये सिनेटने हाणून पाडला. फील्डिंग याही वेळी सक्तीच्या विरोधात होते. २०११ च्या जुलैत सिनेटची रचना बदलली आणि ग्रीन पक्षाच्या पाठिंब्याने ऑक्टोबरमध्ये नवा कायदा संमत झाला. योगायोगाचा भाग असा, की त्या वेळच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियन विद्यार्थी संघाच्या अध्यक्ष होत्या, तर विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट १९७९ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाचे अध्यक्ष होते. देशाच्या संसदेत रंगलेला हा वाद दोघांनीही तरुणपणी आवारात अनुभवला होता.

नव्या कायद्याने जुनी पद्धत जशीच्या तशी परत आणली नाही. शुल्क आता संघटना नव्हे, विद्यापीठ घेऊ लागले. रकमेवर मर्यादा आली, खर्चाची यादी ठरली, राजकीय वापरावर बंदी आली, आणि पैसे कशावर खर्च करावेत याबाबत विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करण्याचे बंधन विद्यापीठांवर घातले गेले.

पैसा वाटला कसा जातो?

समजा, एखाद्या विद्यापीठात ४० हजार पूर्णवेळ विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने २०२५ ची कमाल रक्कम, म्हणजे ३६५ डॉलर भरले. एकूण जमा होते १ कोटी ४६ लाख डॉलर. एका विद्यार्थ्याच्या दृष्टीने किरकोळ वाटणारी रक्कम एकत्र येते तेव्हा एवढी होते. मग तिचे वाटेकरीही अनेक असतात. सिडनी विद्यापीठाचेच पाहा. पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी मंडळ, पदव्युत्तर विद्यार्थ्यांची वेगळी संघटना, मंडळे व सांस्कृतिक कार्यक्रम पाहणारी युनियन आणि क्रीडासंस्था या सगळ्यांना त्यातून हिस्सा हवा असतो. विद्यापीठाचे स्वतःचे विद्यार्थी सेवा विभागही रांगेत असतात.

या वाटपात विद्यार्थी संघटनांचा हिस्सा किती असावा, हे २०११ च्या कायद्याने सांगितले नव्हते. परिणामी काही विद्यापीठांत जमा रकमेचा मोठा भाग संघटनांकडे जाई, तर काही ठिकाणी त्यांच्या वाट्याला अगदी थोडे येई. विचारविनिमय झाल्याची नोंद कागदावर होई, निर्णय मात्र प्रशासन घेई. ज्या संघटनेने विद्यापीठावर टीका करायची, तिनेच पुढील वर्षीच्या पैशासाठी त्याच विद्यापीठापुढे हात पसरायचा, अशी ही अवघड स्थिती होती.

उच्च शिक्षणाच्या फेररचनेसाठी मेरी ओकेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अंतिम अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून या शुल्कातील किमान ४० टक्के रक्कम विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संघटनांना देणे बंधनकारक केले. ज्यांना हे एकदम शक्य नाही, अशा विद्यापीठांना टप्प्याटप्प्याने तिथवर पोहोचण्याची मुदत मिळाली. वरील उदाहरणात हा हिस्सा ५८ लाख ४० हजार डॉलर होतो. अर्थात ज्या विद्यापीठात पूर्वी एक दशांशच वाटा दिला जात असेल, तिथे उरलेल्या पैशावर चालणाऱ्या सेवांना कात्री लागणार. समुपदेशन केंद्र विद्यापीठाकडे असेल तर त्याचा खर्च आता दुसऱ्या निधीतून भागवावा लागणार. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा कोठे तरी कमी पडतोच.

न मिटलेले आक्षेप

शुल्काविषयीच्या तक्रारी आजही आहेत आणि त्या सर्वस्वी चुकीच्या म्हणता येणार नाहीत. ऑनलाइन शिकणाऱ्याला मैदानाचा उपयोग नाही. करोनाकाळात २०२० आणि २०२१ मध्ये आवारे ओस पडली, तेव्हा हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. त्याचबरोबर त्याच काळात अन्नाची पाकिटे, तातडीची आर्थिक मदत आणि दूरध्वनीवरून समुपदेशन यांची गरज वाढली होती, हेही विसरता येत नाही. सेवेचे स्वरूप बदलते, सेवेची गरज संपत नाही.

दुसरा आक्षेप कर्जाचा आहे. वर्षाला तीनशे-साडेतीनशे डॉलर ही रक्कम मोठी नसली, तरी ती कर्जखाती पडली की महागाईनुसार वाढत जाते. २०२३ मध्ये ही वाढ ७.१ टक्के ठरली तेव्हा पदवीधरांत मोठा असंतोष पसरला. पुढे वाढीचे सूत्र मागील तारखेपासून सौम्य करण्यात आले, आणि २०२५ च्या कायद्याने विद्यार्थ्यांची थकित कर्जे २० टक्क्यांनी कमी केली. तरीही आजच्या पाळणाघरासाठी उद्याच्या पगारातून फेड करायची, हे सूत्र सर्वांनाच मान्य आहे असे नाही.

तिसरा आक्षेप हिशेबाचा. यादी एकोणीस कलमांची असली तरी ती इतकी ऐसपैस आहे, की एरवी विद्यापीठाने स्वतःच्या पैशातून करायची कामे या निधीत ढकलणे अवघड नाही. नव्या विद्यार्थ्यांना माहिती देणे किंवा अभ्यासकौशल्ये शिकवणे ही विद्यापीठाची मूळ जबाबदारी की जादा सेवा, याची सीमारेषा पुसट आहे. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी जमाखर्च बारकाईने पाहिला, तरच असा प्रकार लक्षात येतो.

भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने

ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत चीनखालोखाल भारतीयांची संख्या आहे आणि त्यात महाराष्ट्रातील मुले-मुलीही मोठ्या प्रमाणावर असतात. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा राहण्याची जागा, रात्रपाळीचे काम आणि अडचणीत हाक मारण्याजोगे हक्काचे ठिकाण हे प्रश्न एकदम पुढे आले. त्यातील अनेक जण विद्यापीठांत नव्हे, तर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत शिकत होते आणि तिथे असा आधार फारच तोकडा होता. नुसत्या शिकवणीच्या बळावर परक्या देशात निभाव लागत नाही, हे त्या घटनांनी दाखवून दिले.

विद्यापीठात जाणाऱ्याने त्यामुळे तीन गोष्टी समजून घ्याव्यात. हे शुल्क आणि परदेशी विद्यार्थ्यांना सक्तीचा असलेला आरोग्य विमा या दोन भिन्न बाबी आहेत. एक भरले म्हणजे दुसरे भरले असे होत नाही. घरमालकाने अनामत रक्कम अडवली, मालकाने पगार कमी दिला किंवा विद्यापीठाची नोटीस आली, तर विद्यार्थी संघटनेच्या सल्लाकेंद्राकडे सहसा विनामूल्य दाद मागता येते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अभ्यासातील असमाधानकारक प्रगतीचा परिणाम परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसावर होऊ शकतो. अशा वेळी मुदतीत आणि योग्य शब्दांत अपील करणे हाच बचाव असतो. संकोचापोटी किंवा माहितीअभावी अनेक जण या केंद्राची पायरी चढतच नाहीत, आणि ज्या सेवेचे पैसे त्यांनी आधीच भरलेले असतात ती त्यांच्या उपयोगी पडत नाही.

आपल्याकडील पावती

महाराष्ट्रातील महाविद्यालयाची पावती पाहिली, तर तिच्यावरही जिमखाना, विद्यार्थी कल्याण, समूह विमा, क्रीडा व सांस्कृतिक कार्यक्रम, आपत्ती निधी अशी शीर्षे आढळतात. रकमा छोट्या असतात, पण संलग्न महाविद्यालयांतील लाखो विद्यार्थ्यांकडून त्या गोळा होतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद केली आहे. ‘कमवा व शिका’ यांसारख्या योजना, युवक महोत्सव आणि शिबिरे या मंडळांमार्फत चालतात. गावाकडून पुण्या-मुंबईला आलेल्या कित्येक मुलांचे शिक्षण अशा योजनांच्या आधारावर पुरे झाले आहे.

उणीव आहे ती विद्यार्थ्यांच्या आवाजाची. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाल्यानंतर महाविद्यालयीन निवडणुकांविषयीचे मत बदलले आणि १९९४ च्या कायद्यानंतर गुणवत्तेवर नेमलेल्या प्रतिनिधींची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची वाट पुन्हा मोकळी केली; पण २०१९ मध्ये घेण्याचे ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. पैसे विद्यार्थ्यांचे, परंतु ते कशावर खर्च व्हावेत हे विचारणारा निवडून आलेला प्रतिनिधी नाही, असे चित्र त्यातून तयार होते.

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातून दोन्ही टोकांचे तोटे दिसतात. पैशाची सक्ती असताना जाब विचारण्याची सोय नसेल तर नाराजी साचते आणि एक दिवस सारी व्यवस्थाच मोडीत निघते. सक्तीच काढून टाकली तर ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे, तेच आधी उघडे पडतात. रक्कम किती, ती कशावर खर्च होणार आणि ते कोण ठरवणार, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली तर शुल्काविषयीचा अविश्वास पुष्कळ अंशी कमी होतो. पावतीवरील प्रत्येक शीर्षापुढे वर्षाअखेरीस जमा किती आणि खर्च किती हे जाहीर करायला कोणत्याही विद्यापीठाला नवा कायदा लागत नाही. त्यासाठी एवढेच पुरे, की पैसे भरणाऱ्यांनी ते मागायला हवे.